नऊ अंशांची चूक

मी एक मणी बोलतोय. माळेतला नव्हे. ज्वारीच्या दाण्याएवढा, काचेत बंद केलेला, दोन केसासारख्या तारा फुटलेला. आपल्याभोवती किती तापलं आहे ते ओळखायचं आणि तारेवाटे कळवायचं, एवढं एकच काम मला येतं. ते काम एकदा चुकलं. नऊ अंशांनी चुकलं. त्या दिवसाबद्दल कोणी मला विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म बंगलोरच्या एका कारखान्यातला. धातूंच्या भुकट्या मळून माझी गोळी केली, भट्टीत भाजली, आणि जाड भिंगाखाली डोळे ताणून एका बाईनं मला तारा जोडल्या. मग तिनं मला बर्फाच्या पाण्यात बुडवलं, कोमट तेलात बुडवलं, गरम तेलात बुडवलं. प्रत्येक वेळी मी बरोबर बोललो. तिनं चिठ्ठीवर सही केली आणि मला कापसात गुंडाळून डबीत घातलं.

एकोणीसशे ब्याऐंशी साली मी नागपूरला आलो. सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात मोठं गणकयंत्र बसवलं होतं. परीक्षांचे निकाल त्यावर तयार होत. त्या यंत्राचा सगळी गणितं करणारा भाग, ज्याला सगळे प्रोसेसर म्हणत, तो गोदरेजच्या कपाटाएवढा होता. त्याच्या वरच्या खणात मला बसवलं. माझी तार मागून खाली उतरत होती, जमिनीजवळच्या एका प्लगमध्ये शिरत होती, आणि तिथून कपाटाच्या दर्शनी काट्यापर्यंत जात होती. काट्यावर चाळीस अंशांना तांबडी रेघ होती. काटा तिच्यापुढे गेला की घंटा वाजायची आणि यंत्र आपोआप बंद पडायचं. आत जळून जाण्यापेक्षा थांबलेलं बरं, म्हणून ही सोय.

यंत्राची खोली सदा थंड. उन्हाळ्यात या खोलीत माणसांना किती कामं निघतात, ते मी पाहिलं आहे. कोणी पेन्सिल मागायला येई, कोणी आगपेटी. येत, भिंतीला टेकून दोन मिनिटं डोळे मिटत, आणि काय मागायला आलो ते विसरून परत जात.

यंत्राची दुरुस्ती आनंदरावांकडे होती. चाळिशीचे गृहस्थ, कानशिलावर पिकलेले, बोलायला कमी. राहायला नागपूरच्या इंदोरा वस्तीत. त्यांना एक सवय होती: कुठलाही आकडा ते तीनदा घेत. कोणी हसलं तर म्हणत, "एकदा मोजलं ते दिसलं, दोनदा मोजलं ते पटलं, तीनदा मोजलं ते खरं. माझ्या बापाचं म्हणणं आहे हे."

त्यांच्या हाताखाली कवडू नावाचा शिपाई होता. वयानं त्यांच्याएवढाच, पण तोंड सारखं सुरू. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण यंत्राच्या प्रत्येक आवाजाचा त्याला अर्थ ठाऊक होता.

पंच्याऐंशीचा मे महिना उजाडला. एका मोठ्या परीक्षेचा निकाल चार दिवसांवर आला, आणि खोली थंड ठेवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद पडलं. कवडूनं मागचापुढचा विचार न करता बाहेरच्या व्हरांड्यातला कूलर ढकलत आत आणला आणि माझ्या कपाटामागे लावला.

"नवीन वाळ्याची ताटी हाय साहेब," तो आनंदरावांना म्हणाला. "या हवेत मेलेला माणूस उठून बसन. मशीनचं काय घेऊन बसले!"

नागपुरात मे महिन्यात घरोघर हेच करतात, त्यामुळे त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. वाळ्याचा वास खोलीभर झाला. एक दिवस बरा गेला.

मग घंटा वाजू लागली. काटा एकेचाळीसवर, यंत्र बंद. आनंदरावांनी कपाट उघडून हात घातला, तर आत गार. यंत्र पुन्हा चालू केलं. तासाभरानं पुन्हा एकेचाळीस. त्यांनी पंखे पुसले, जाळ्या झटकल्या. दुपार झाली की काटा चढे आणि निकालाच्या याद्या अर्ध्यावर राहत. मी आत बसून बत्तीस सांगत होतो. बाहेर एकेचाळीस का दिसत होतं, ते मलाही कळत नव्हतं.

अडचण अशी होती की आतलं खरं तापमान मोजायला दुसरं साधन नव्हतं. खोलीच्या भिंतीवरचं तापमापक कपाटात ठेवलं, तर दार उघडून वाचेपर्यंत त्याचा पारा खाली येई. त्या संध्याकाळी घरी जाताना आनंदरावांना एक युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दहा वाजता त्यांनी कपाट उघडलं आणि माझ्या शेजारी दोऱ्यानं एक काचेची नळी बांधली. माणसांचा ताप मोजायचं थर्मामीटर. त्याचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. म्हणजे दार लावून अर्धा तास ठेवायचं, आणि मग निवांत वाचायचं. एकेचाळीस अंश खरे असतील तर त्याच्या फॅरनहाइटच्या रेघांवर पारा एकशे पाचच्या पुढे जाईल. खोटे असतील तर पंच्याण्णवच्या पहिल्या रेघेलाही पोचणार नाही.

दार लागलं. अंधारात आम्ही दोघंच उरलो. मी माझ्या जातीचा कोणी पहिल्यांदाच पाहत होतो.

"तू यंत्राचा का?" त्यानं विचारलं. "मी घरचा. माझ्या आधीचा आनंदरावांच्या बापानं छप्पन साली घेतला होता. दीक्षा घेऊन घरी आले आणि म्हणाले, आता ताप आला तर भगताकडे जायचं नाही, मोजायचा. तो फुटला, मग मला आणलं."

मग त्यानं मला कौसल्याबाईंचं सांगितलं. आनंदरावांच्या पत्नी, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. रविवारी खापा गावी चुलतबहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या. मांडव अपुरा पडला, पंगत उन्हात बसली, आणि बाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात वाढत राहिल्या. सोमवारी अंग मोडून आलं. आज सकाळी ताप एकशे एक होता.

"मग तुला इथं कसं आणलं?" मी म्हणालो.

"तिनंच दिलं. आनंदराव मागायला लाजत होते, तर ती म्हणाली, न्या ना जी. माझ्या त्या सवतीचा, तुमच्या मशीनचा ताप माझ्यापेक्षा जास्त हाय. मले निदान बोलता येते, तिले कोठी बोलता येते? पण दुपारपर्यंत धाडून द्या हं. मामीजी हात लावून पाहतात, पण त्यांचा हात चुलीपाशी बसून बसून निबर झाला. त्यांले काही समजत नाही."

मामीजी म्हणजे तिची सासू, एवढं सांगून तो पुढे म्हणाला, "मला उन्हाळ्यात ओल्या फडक्यात, माठाजवळ ठेवते ती. नाही तर या उन्हात मी कोणाच्या काखेत न जाताच चढतो. मग माझं सांगणं कशाला धरायचं?"

अर्ध्या तासानं दार उघडलं. आनंदरावांनी त्याला उजेडात धरलं. पारा पहिल्या रेघेच्या खालीच होता.

"म्हणजे मशीन सोंग करून राहिली काय जी?" कवडू म्हणाला.

"मशीन नाही गा. काटा."

कार्यालयाचे मुख्य गणपतराव तिथंच उभे होते. ते म्हणाले, "मग झालं तर. त्या काट्याची तार काढून टाका आणि यंत्र चालवा. उद्या सकाळी याद्या गेल्याच पाहिजेत."

"साहेब, आज खोटा म्हणून त्याला गप्प केलं आणि उद्या आत खरंच पेटलं, तर सगळ्या पोरांचे मार्क जातील," आनंदराव म्हणाले. "मला पाच वाजेपर्यंत द्या. अजून दोन ठिकाणी मोजतो."

गणपतरावांना एकदा मोजून पुरलं असतं. आनंदरावांना तीनदा हवं होतं. घरी कोणी आजारी आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. घरचं कार्यालयात आणायचं नाही, हीही त्यांची एक सवय.

मधे साहेबांचा फोन, कोणाची सही, याद्यांचे कागद, यात वेळ गेला. बाराला थर्मामीटर मधल्या खणात गेलं. सव्वाबाराला खोलीचं दार ढकलून एक माणूस आला. डोक्याला शेला, लू म्हणजे उन्हाची झळ लागू नये म्हणून खिशात कांदा, अंगातून घाम निथळत होता. आनंदरावांचा शेजारी धोंडबा, इंदोऱ्यातून सायकलनं आला होता.

"जयभीम, आनंदराव. तुमच्या मायनं थर्मामीटर मांगलं."

आनंदरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "आत ठेवलं हाय. आता काढलं तं हे मोजमाप वाया जाईन. पंधरा मिनिटं आहेत." मग घाईनं विचारलं, "कशी हाय आता?"

"निजून हाय. बोलत नाही जास्त. मायनं मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. कपाळ थंड लागते म्हणे."

"थंड लागते?" आनंदरावांचा चेहरा सैल झाला. "मग उतरला असन."

"थांबू काय मी? घेऊनच जातो."

"काहून? तुमची दोनची पाळी असन मिलमधी. इतक्या उन्हात आले तेच लय झालं. मायले सांगा, तीन वाजेपर्यंत मीच घेऊन येतो."

धोंडबानं माठातलं पाणी प्यायलं, शेला ओला करून डोक्याला गुंडाळला आणि तो गेला. मधल्या खणातून माझ्यापर्यंत आवाज आला, "मला जाऊ द्यायला पाहिजे होतं रे." ज्या आकड्यासाठी त्याला अडकवलं होतं, तो आकडा माझ्या नावावर होता.

मधल्या खणातही पारा चढला नाही. खालच्याही नाही. दीड वाजला. आता काटा खोटा आहे यात शंका उरली नाही, पण खोटं कुठून येतं ते कळत नव्हतं. आनंदरावांनी मला कपाटातून सोडवलं आणि टेबलावर ठेवलं. शेजारी थर्मामीटर होतंच.

"कवडू, चौकातून बर्फ आण," ते म्हणाले.

बर्फ आला. स्टीलच्या पेल्यात चुरा करून त्यात मला बुडवलं. काट्यानं शून्य दाखवायला हवं होतं, दाखवले बारा. मग त्यांनी माझी जुनी तार सोडली, नवीन तुकडा घेऊन मला थेट काट्याला जोडलं. काटा सरकत सरकत शून्यावर जाऊन उभा राहिला.

"मणी खरा आहे," आनंदराव म्हणाले. त्यांच्या आवाजात मला माया वाटली. "हा बिचारा बरोबरच सांगून राहिला. वाटेत कोणीतरी बदलून राहिलं."

त्यानंतर वाट तपासणं आलं. तारेचा वीतवीत भाग. अडीच वाजले. तीन वाजले. आनंदराव एकदा घड्याळाकडे पाहून उठले, थर्मामीटरकडे हात नेला, आणि पुन्हा खाली बसले. "अंग तं थंड हाय म्हणते," ते स्वतःशीच बोलले. कवडूला कळलं नाही. मला कळलं.

साडेतीनला एक नवल झालं. मला पुन्हा जुन्या तारेला जोडून कपाटात बसवलं होतं, आणि कोणी काही न करता काटा आपोआप उतरू लागला. एकेचाळीस, अडतीस, पस्तीस. आनंदराव चमकले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"कवडू, कूलरमधी पाणी टाकलं काय गा?"

"बर्फाच्या धावपळीत राहूनच गेलं जी! आत्ता टाकतो."

"टाकू नको! थांब!"

ते कपाटामागे आडवे झाले. जमिनीजवळच्या प्लगवर पांढरा थर जमला होता. कूलरमध्ये भरत ते बोअरिंगचं खारं पाणी होतं. चार दिवस कूलरची ओली हवा त्या प्लगवर येत होती, मीठ साचत होतं, आणि माझा निरोप त्या ओलाव्यातून जाताना बदलत होता. कूलर कोरडा पडला, तसा प्लग सुकू लागला आणि काटा खऱ्यावर येऊ लागला.

त्यांनी प्लग स्पिरिटनं पुसला, दिव्याच्या उबेत सुकवला, जमिनीपासून हातभर वर बांधला. सव्वाचारला काटा बत्तीसवर होता. यंत्र घरघरू लागलं. साहेबांनी पाठ थोपटली.

कवडूचं तोंड उतरलं. "म्हणजे माझ्या कूलरनंच घात केला काय जी?"

"नाही गा. तू भलं करायले गेला होता," आनंदराव म्हणाले आणि माझ्या खणाचं दार लावायला आले. वाकले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात थर्मामीटर दिसलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं नव्हतं. तसंच खोचलेलं होतं. दार लागलं.

रात्रभर यंत्र चाललं. निकाल वेळेवर लागला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पेढे वाटले, आणि एक पेढा माझ्या कपाटावरही ठेवला.

आनंदराव नऊ दिवस आले नाहीत.

आले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी माझं कपाट उघडलं आणि पुढ्यात स्टूल ओढून बसले. कवडू चहा घेऊन आला, तो हातात धरूनच उभा राहिला. आनंदराव बोलू लागले.

"घरी पोचलो तं माय म्हणे, निजली हाय, उठवू नको. कपाळावर पट्टी होती. हात लावला तं खरंच थंड. पट्टी थंड होती गा, कवडू. पट्टीखाली हात घातला नव्हता कोणी."

कवडू चहा घेऊन एक पाऊल जवळ आला.

"हाक मारली, तं ओळखलं नाही मले. थर्मामीटर काखेत लावलं. झटकलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा झटकलं नाही. काढलं तं एकशे आठ. त्याच्यापुढं रेघच नाही." त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "बाहेर सेहेचाळीस होतं. सायकलवर खिशात होतं माझ्या. तो पारा तिचा होता का रस्त्याचा होता, मले माहीत नाही."

"दुसऱ्यांदा लावायचं होतं जी," कवडू हळूच म्हणाला.

"वेळ कोठी होता? रिक्षा आणायले पळालो. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, लू लागली, दुपारी आणायचं होतं. सात वाजता गेली."

चहावर साय धरली होती. कवडूनं तो बशीत ओतून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला.

"माय रडते आन् म्हणते, माझा हात खोटा बोलला. म्या तिले म्हटलं, तुझ्या हाताचं काय माय, तो तं मले दुपारीच थर्मामीटर मागून राहिला होता."

गणपतराव आले. उभेच राहिले. "आनंदराव, मला सांगायचं नव्हतं का? मी गाडी दिली असती."

"घरचं इथं कशाला आणायचं म्हणून, साहेब," आनंदराव म्हणाले, आणि उठून पंख्याची जाळी काढू लागले.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. उलट दर सोमवारी येऊन ते माझा प्लग पुसत, माझ्या काचेवरून मऊ कापड फिरवत. ज्या बोटांनी त्या दुपारी दोन वाजता घरी असायला हवं होतं, तीच ती बोटं.

पावसाळ्यात साहेबांनी त्यांना सांगितलं, काटा खोटा वाटला तर काय काय तपासायचं ते एका कागदावर लिहून कपाटाला लावा, म्हणजे तुम्ही नसलात तरी अडणार नाही. आनंदरावांनी निळ्या शाईनं कागद लिहिला. प्लगचा ओलावा, तारेचे जोड, बर्फाची परीक्षा, सगळं क्रमानं. साहेब वाचू लागले आणि पहिल्याच ओळीशी थांबले.

पहिली ओळ अशी होती: ज्याच्या घरी आजारी माणूस असेल, त्याला आधी घरी पाठवावे.

"हे इथं?" साहेब म्हणाले.

"हेच पहिलं," आनंदराव म्हणाले.

साहेबांनी खिशातून पेन काढलं होतं. ते तसंच परत ठेवलं.

कवडूला ती एक ओळ पाठ झाली. सत्त्याऐंशी साली एका दुपारी घंटा वाजली तेव्हा यंत्रावर आनंदरावांच्या हाताखाली आलेल्या कुसुमताई होत्या. त्यांच्या सासऱ्यांना सकाळपासून धाप लागत होती, हे त्यांनी डबा खाताना सहज सांगितलं होतं. कागद बघून त्या प्लगकडे वाकल्या, तसा कवडू आडवा आला.

"पहिली ओळ वाचली काय बाई?"

"अरे, पण यंत्र बंद पडलंय."

"पडू द्या ना. मशीन काय पळून जाते? तुम्ही निघा."

त्या गेल्या. यंत्र अडीच तास बंद होतं. याद्या दुसऱ्या दिवशी गेल्या. कोणाचं काही बिघडलं नाही. काहीच बिघडलं नाही, हे पाहत आनंदराव खिडकीशी उभे होते. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रुमालानं डोळे पुसताना पाहिलं.

आता माझं यंत्र जुनं झालं. एकोणनव्वद साली नवीन यंत्र आलं, ते टेबलावर मावतं. माझं कपाट भंगारवाल्यानं ठेल्यावर घालून नेलं. आनंदरावांनी त्याआधी मला सोडवून या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. नवीन यंत्राशेजारच्या भिंतीवर त्यांनी नवा कागद लावला आहे. त्यातल्या बाकीच्या ओळी बदलल्या आहेत. पहिली तीच आहे.

हा डबा ज्या गोदामात आहे, त्याचं छप्पर टिनाचं आहे. मे महिन्यात इथं किती तापतं, ते मला आजही अचूक कळतं. सांगायला पुढे काटा नाही, एवढंच. आता कोणी माझ्यासाठी थांबत नाही, याचं मला बरं वाटतं.

माझं सांगणं संपत आलं. ज्याचं पूर्ण ऐकून घ्यावं असा काही मी मोठा कोणी नाही. तुमच्या घरी कोणी तापानं पडलं असेल, तर हे पान इथंच मिटा. आधी त्याच्यापाशी जा, आणि कपाळावरची पट्टी उचलून पाहा.